उलट्या बाजूने पाहिलेला बॅले

नमस्कार मंडळी.

भडंग संपायच्या आत बोलणं आवरा, असं अध्यक्षांनी बजावलंय. भडंग सांगलीचा आहे, म्हणजे माझ्या हातात फार वेळ नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सांगलीत गणपती पेठेमागे शिवणकाम करायचे. लग्नसराई ओसरली की नाटकवाले आणि तमाशाच्या फडातली माणसं दुकानात यायची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आपल्या गावात ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. फडातला सोंगाड्या गाणारा, नाचणारा, वेळ पडली तर ढोलकीला बसणारा. त्याचा अंगरखा दुरुस्तीला आला की दादा आधी तो उलटा करायचे. म्हणायचे, “बाहेरनं जरीकाम दिसतं गं. माणूस कसा नाचतो ते आतनं कळतं.” घाम कुठे मुरलाय, कुठली शिवण उसवलीय, काख फाटलीय की पाठ.

त्या एका वाक्यावर मी इथे एकोणीस वर्षं एका बॅले कंपनीच्या कपडेपटात काढली. तिथल्या चोळीच्या आत हुकांच्या दोन-तीन रांगा असतात, कारण तोच पोशाख आज हिला, पुढच्या मोसमात तिला. आत नावांच्या पट्ट्या शिवलेल्या, एकीखाली एक. आणि पायाच्या टोकावर नाचायचे ते गुळगुळीत गुलाबी बूट! त्यांच्या टोकात लाकूड असतं असं तुमच्यापैकी निम्म्यांना वाटत असणार. मलाही वाटायचं. असतं ते कापड, कागद आणि खळ, थरावर थर देऊन वाळवलेलं. नवा जोड आला की नर्तकी आधी तो जमिनीवर आपटते, तळ वाकवून मऊ करते, फिती स्वतःच्या हाताने शिवते. ते काम ती आम्हाला देत नाही. मोठी भूमिका असली तर एका प्रयोगात जोड खलास.

पण आज मला बोलायचंय बॅले नर्तक मिखाईल बॅरिश्निकोव्हबद्दल. त्याचे कपडे मी शिवलेले नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर फिरेल. आणि त्याला मी अरे-तुरे करणार, आवडत्या गवयाला करतो तसं.

जन्म १९४८, रीगा. पुढे लेनिनग्राडला अलेक्झांडर पुश्किन या गुरूकडे तालीम, १९६७ मध्ये तिथल्याच किरोव्ह बॅले या कंपनीत प्रवेश. उंची बेताची. राजपुत्राच्या भूमिका उंच मुलांना द्यायच्या, ही तिथली जुनी रीत. याने त्या उडी आणि गिरकीच्या जोरावर मिळवल्या. १९७४ मध्ये टोरंटोच्या दौऱ्यावर असताना तो सोव्हिएत संघात परत गेलाच नाही. हा भाग सिनेमासारखा आहे म्हणून सगळे तोच सांगतात. मला त्यात फार रस नाही.

मला रस आहे १९७८ मध्ये. तेव्हा तो तीस वर्षांचा, अमेरिकन बॅले थिएटरचा सगळ्यात मोठा तारा. ऑस्करचं नामांकनही झालेलं. ते सोडून हा गेला न्यूयॉर्क सिटी बॅलेत, नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिनकडे. तिथे नावं अक्षरांच्या क्रमाने छापायची, लहानमोठं नाही. शिवाय बॅलन्शिनची चाल वेगळी: वेग जास्त, तोल मुद्दाम ढळलेला, उडी मारून उतरताना टाच पुरती टेकलीच पाहिजे असं नाही. किराणा घराण्याच्या मुरलेल्या गवयाने तिशीत जयपूर घराण्याच्या बुवांपुढे तंबोरा घेऊन पहिल्यापासून बसावं, तसं. मिरजेला दर्ग्यातल्या मैफिली ऐकलेल्यांना यातला त्रास कळेल. गळ्याच्या जागी इथे गुडघे होते, एवढाच फरक. दीडएक वर्षात त्याने वीसहून जास्त भूमिका बसवल्या, दुखापती सोसल्या. बॅलन्शिन आजारी होता. याच्यासाठी त्याने एकही नवी रचना केली नाही. तिथला दुसरा रचनाकार जेरोम रॉबिन्स, त्याने केली. मग १९८० मध्ये हा जुन्या कंपनीत परतला, तो संचालक म्हणून.

लोक त्याला अष्टपैलू म्हणतात ते पुढच्या यादीमुळे. १९८९ मध्ये ब्रॉडवेच्या रंगभूमीवर काफ्काच्या कथेतला किडा झालेला माणूस, १९९० मध्ये नृत्यरचनाकार मार्क मॉरिसबरोबर काढलेली आधुनिक नृत्याची मंडळी, पुढे दूरदर्शन मालिका, न्यूयॉर्कमधलं कलाकेंद्र. माझ्या मते यादी दुय्यम आहे. वरच्या पायरीवर बसलेला माणूस वर्गात मागच्या ओळीत जाऊन उभा राहिला, आणि एकदा नाही, दर दहा वर्षांनी राहिला. आमच्या कपडेपटाला हे लगेच समजतं. शास्त्रीय बॅलेवाला आधुनिक नाचाकडे वळला की पोशाखाचे खांदे फाटायचे थांबतात आणि गुडघे, कुल्ले झिजायला लागतात. आयुष्यभर वर उडणाऱ्या माणसाला जमिनीवर लोळायला शिकावं लागतं.

पन्नाशीला, १९९८ मध्ये, त्याने छातीला यंत्र लावून स्वतःच्याच हृदयाच्या ठोक्यांवर नाच केला. ठोके ध्वनिवर्धकातून सगळ्या प्रेक्षागृहाला ऐकू येत होते. धाप लपवायला जागाच नाही. दादांना मी हे फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे त्यानं कपडाच उलटा घातला की गं.”

तिकडे चहाच्या टेबलावर मी एका नर्तकीचे वापरून झालेले दोन जोड ठेवलेत, एक टोकाचा, एक मऊ. हात लावा, वास घेऊ नका. टोकाच्या जोडातला उजवा बूट उलटून बघा. फितीचा टाका जरा वाकडा आहे. पडदा उघडायला दोन मिनिटं असताना घातलेला आहे तो, आणि तेवढा एकच मी घातलाय.