कळ, ठणका आणि पानथरी

(दृश्य: सकाळ. कोल्हापूरचा दसरा चौक. रिक्षातून उतरणारे पांढरे एप्रन.)

कागदोपत्री हे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. गावाच्या तोंडी सीपीआर. आणि पेठांतली म्हातारी माणसं अजूनही म्हणतात, थोरला दवाखाना. समोर टाऊन हॉलची बाग. रस्त्याच्या अल्याड-पल्याडच्या या दोन जुन्या दगडी इमारती एकाच माणसाने आखल्या, मेजर चार्ल्स मँटने. नवा राजवाडाही त्याचाच.

आज मात्र आपण इमारत बघायला आलेलो नाही. तो मुलगा बघा, जिना चढतोय तो. गळ्यात स्टेथो, खिशात छोटी डायरी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी असतात. त्यातून हा राजस्थानातून थेट कोल्हापुरात आला. पहिलं वर्ष निभावलं. शरीररचनेला मराठी लागत नाही. टेबलावरचा देह काही बोलत नाही.

दुसऱ्या वर्षी वॉर्डातलं पोस्टिंग सुरू झालं, आणि देह बोलायला लागले.

(दृश्य: मेडिसिन वॉर्ड. खाटेशेजारी उभा विद्यार्थी.)

पहिली केस राधानगरीकडच्या एका मावशींची. त्या म्हणाल्या, "सकाळी उठलो आणि चक्कर येऊन पडलो." याने मागे वळून पाहिलं. पडला तो कोण? नवरा? पोरगा? शेजारच्या सिस्टर हसल्या. कोल्हापूरची बाई स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो, पडलो' असंच म्हणते. डायरीतली पहिली नोंद ती.

मग दुखण्याचे शब्द आले. पाठ्यपुस्तकात दुखणं एकच असतं आणि त्याला विशेषणं लावतात. इथं प्रत्येक दुखण्याला स्वतंत्र नाव आहे. थांबून थांबून पिळवटून येते ती कळ. आतडं अडलंय का, मूतखडा आहे का, ते बघायचं. पाठीतून पायात सर्रकन उतरते ती चमक. मणक्याशी दबलेली शीर आठवायची. तळपायाला मुंग्या आणि आग म्हटलं की आधी साखर तपासायची. आणि ठणका? नाडीच्या ठोक्यागत उडतो तो. "रात्रभर ठणका, डोळ्याला डोळा न्हाई" असं कुणी म्हणालं की सर्जरीचे जुने सर हात लावायच्या आधीच सांगतात, पू झालाय.

माझं मत विचाराल तर, निम्मं निदान या शब्दांतच असतं. पेशंट ते आयतं हातात ठेवतो आणि मुलं त्याचं भाषांतर करून केसपेपरवर लिहितात, 'पोटदुखी'.

काळाचंही तसंच. "खोकला कधीपासून?" "बेंदरापासनं." आता बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, आषाढात आणि आपण दसऱ्याच्या तोंडावर. म्हणजे तीन महिने होत आले. दोन आठवड्यांवर खोकला गेला की क्षयासाठी तपासायचं, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम. पण बेंदूर कधी असतो हेच ठाऊक नसेल, तर नियम पाठ असून उपयोग काय? याच्या डायरीच्या मागच्या पानावर बेंदूर आहे, जोतिबाची यात्रा आहे, भाताची लावण आहे, ऊसतोड आहे. समोर इंग्रजी महिने.

(दृश्य: छातीवर बोटांनी ठोकणारा विद्यार्थी. जवळून.)

हे ठोकणं जुनं आहे. ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगरने १७६१ साली ते मांडलं. बाप खानावळवाला, पिंपावर टिचकी मारून आत दारू किती ते ओळखायचा, असं सांगतात. आपल्याकडं बाजारातली कुठलीही बाई मडकं वाजवूनच घेते. हवा असेल तिथं पोकळ, पाणी साठलं असेल तिथं दगडावर मारल्यागत बद्द. याचं बोट महिनाभर नुसतं दुखलं. मग एके दिवशी ऐकू आलं.

बाकी दिवस सगळ्यांचा असतो तसाच. राउंड, लेक्चर, लॉगबुकवर सहीसाठी सरांच्या मागं पळापळ, मेसची पातळ आमटी. रविवारी मिसळ. कधी रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, डोळ्यांदेखत म्हैस पिळून हातात आलेला फेसाळ ग्लास. घरून फोन आला की सांगायचं, चाललंय.

(दृश्य: परीक्षेचा दिवस. पडद्याआड खाट.)

साडेचार वर्षं सरत आलीत. यानंतर इंटर्नशिपचं एक वर्ष. आज लाँग केस, म्हणजे एकच पेशंट सविस्तर तपासून परीक्षकांना सांगायचा. खाटेवरचे काका परीक्षेला मुरलेले. पोट पुढं आलेलं, चेहऱ्यावर घाई नाही. घाम याला.

याने हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवला. काकांनी मान हलवली.

"खालनं ये की लेका. मगाचच्या पोरीनं बेंबीच्या उजव्या अंगापासनं सुरुवात केली हुती."

बरोबर होतं. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांआडचा अवयव, फार वाढली की तिची कड बरगडीशी सापडतच नाही. तिरकी खाली उतरते, पार उजव्या बाजूला. वरून सुरुवात केली की हात तिच्यावरच पडतो आणि ती आहे हे कळत नाही. याने हात खाली नेला. श्वास घ्या काका. सोडा. परत घ्या. बोटं तिरकी वर सरकत गेली आणि श्वासासरशी काहीतरी टणक येऊन टेकलं.

काकांनी एक डोळा उघडला.

"लागली पानथरी हाताला?"

हा शब्द डायरीत नव्हता.

"लागली, काका."