फूल गळल्यानंतरचे ऑर्किड

(पुण्यातील एका ऑर्किडप्रेमी मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

समोरच्या मेजावर आज मी तीन वस्तू मांडल्या आहेत. पारदर्शक कुंडीतले एक फॅलेनॉप्सिस जातीचे ऑर्किड आहे, ज्याला सध्या एकही फूल नाही. शेजारी आंब्याच्या वाळक्या फांदीचा हातभर तुकडा आहे. तिसरी वस्तू म्हणजे तोंड घट्ट बंद असलेली काचेची बाटली. तिच्या तळाशी जेलीच्या थरावर बोटाच्या पेराएवढी रोपे दाटीवाटीने उभी आहेत. फुललेले झाड मुद्दामच आणले नाही. फुललेले फॅलेनॉप्सिस दोन-अडीच महिने आपले आपणच टिकते आणि त्याच्यासाठी कोणाला मंडळाची वाट धरावी लागत नाही. आपल्याकडे नवे सभासद येतात ते बहुधा शेवटचे फूल गळाल्यावर, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "आता याचे काय करायचे?"

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत छापलेले असते आणि कुंडीला अडकवलेल्या चिठ्ठीवरही असते. आठवड्यातून एकदा पाणी घाला, खिडकीजवळ ठेवा, महिन्यातून दोनदा खत द्या. यात खोटे काही नाही, फक्त ही चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुणे नव्हते. बाहेर बर्फ आणि आत हीटर अशा घरात आठवड्याला एकदा घातलेले पाणी पुरते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी तेच झाड तीन दिवसांत सुकते आणि जुलैत तेवढ्याच पाण्याने कुजते. म्हणून पुण्यात ऑर्किड वाढवण्याचे शहाणपण पुण्यातच, एकमेकांच्या गॅलऱ्या पाहून, जमवावे लागते असे माझे मत आहे. मंडळ असते ते यासाठी. प्रदर्शने आणि बक्षिसे मला त्यानंतरची वाटतात, आणि या मतावरून आपल्या कार्यकारिणीत माझे वाद झालेले आहेत, हेही सांगून टाकतो.

आधी मुळाकडे पाहू. जगात ऑर्किडच्या सुमारे २८ हजार जाती आहेत आणि त्यांतल्या साधारण सत्तर टक्के झाडांच्या अंगाखांद्यावर वाढतात. त्यांची मुळे मातीसाठी घडलेलीच नाहीत. या कुंडीतले हे बाहेर डोकावणारे मूळ पहा. आत्ता ते राखाडी, चांदीसारखे दिसते. मी त्यावर पाण्याचे चार थेंब सोडतो. मागच्या रांगेतल्यांनी पुढे यायला हरकत नाही. रंग बदलताना दिसतो आहे ना? मुळाभोवती मेलेल्या पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना त्यात हवा असते म्हणून ते पांढुरके दिसते; पाणी शोषले की ते पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर येतो. हे मूळ पानासारखे प्रकाशावर अन्नही तयार करते, आणि पारदर्शक कुंडीची पद्धत रूढ होण्यामागे हेही एक कारण आहे. तेव्हा पाणी कधी घालायचे हे वारावर ठरवू नये. कुंडीच्या कडेने दिसणारी मुळे चांदीसारखी झाली की घालावे, हिरवी असली तर थांबावे.

हे मला कोणी सांगितले नव्हते. माझे पहिले फॅलेनॉप्सिस मी एका मे महिन्यात विकत घेतले आणि ऑगस्टमध्ये कचऱ्यात टाकले. झाड उपटले तेव्हा कुंडीच्या मधोमध मुठीएवढा मॉसचा, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाचा, गोळा निघाला. ग्रीनहाऊसमध्ये वाढवलेल्या रोपांना तो गोळा सोयीचा असतो, पण पावसाळ्यात माझ्या गॅलरीत तो आठ-आठ दिवस ओला राही आणि कुंडीतले वरचे सालीचे तुकडे कोरडे दिसले म्हणून मी रोज पाणी घालत असे. मुळे बोटांत धरताच त्यांचे साल मोज्यासारखे निघून आले आणि आत नुसती तार राहिली. तेव्हापासून नवे झाड आले की त्याची फुले संपण्याची वाट पाहून मी तो गोळा सोडवतो आणि लोणारी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडे विटांचे खडे यांत झाड बसवतो. सोडणाचे तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्यावेत, कारण त्यांत क्षार असतात.

पुण्याचे वर्ष ऑर्किडच्या दृष्टीने तीन परीक्षांचे आहे. उन्हाळ्यात तापमानापेक्षा कोरडी हवा जास्त छळते. चाळीस अंशांच्या जवळ गेलेल्या दुपारी हवेत ओल उरत नाही, व्हँडा या ऑर्किडच्या उघड्या मुळांची टोके तपकिरी होऊन बंद पडतात. पंचाहत्तर टक्क्यांची शेडनेट, कुंड्यांखाली खडी आणि पाणी घातलेल्या पराती, गॅलरीच्या कठड्यावर ओले गोणपाट, जमल्यास वाळ्याचे ताटे, एवढे केले तर निभते. पाणी पहाटे घालावे. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी असेल तर मुळांवर पांढरा थर बसतो. खडकवासल्याचे नळाचे पाणी त्या मानाने मऊ आहे, तेव्हा ज्यांच्या सोसायटीत दोन्ही येते त्यांनी नळाचे पाणी बादलीत वेगळे धरून ठेवावे.

पावसाळ्यात उलटे होते. फॅलेनॉप्सिसची पाने मध्यात जिथे जुळतात त्या पोंग्यात रात्रभर पाणी साठले की गाभा काळा पडतो आणि पान ओढले तर अलगद हातात येते. रानात हे झाड फांदीवरून तिरके लोंबते, त्यामुळे पोंग्यातले पाणी आपोआप निथळते. आपण त्याला कुंडीत सरळ उभे करतो आणि नंतर तक्रार करतो. माझी झाडे जूनपासून एका बाजूला कललेली असतात. पाहुण्यांना ती वाकडी लावलेली वाटतात.

हिवाळा मात्र पुण्याची देणगी आहे. २५ अंशांच्या खाली उतरलेली हवा काही आठवडे मिळाली की फॅलेनॉप्सिस फुलाचा दांडा काढते आणि नोव्हेंबरपासून आपल्याकडे तशा रात्री फुकट मिळतात. फक्त पारा दहा-बारापर्यंत घसरू लागला की झाड रात्रीपुरते घरात घ्यावे. निघाला तो दांडा आहे की मूळ, हे ओळखताना नवे लोक हमखास फसतात. मुळाचे टोक गोल आणि गुळगुळीत असते. दांड्याचे टोक किंचित चपटे असून त्यावर अंगठा बाहेर काढलेल्या हातमोज्यासारखी खाच दिसते. दादरला माझी मावसबहीण राहते. तिच्या फॅलेनॉप्सिसची पाने माझ्यापेक्षा दीडपट रुंद आहेत, पण फूल क्वचितच येते, कारण मुंबईत गारवा टिकत नाही. तिच्या व्हँडा मात्र दमट हवेत वर्षातून दोन-तीनदा फुलतात आणि माझ्या व्हँडा पाहून ती काही बोलत नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न. फूल गळाल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापावा, म्हणजे तिथून फाटा फुटून पुन्हा फुले येतात, असे सर्वत्र लिहिलेले असते. ते खरे आहे. पण आपल्याकडे फुले गळतात ती बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि त्या वेळी झाडाला पुन्हा फुलायला लावणे म्हणजे बाळंतिणीला दळायला बसवण्यासारखे आहे. मी दांडा बुडापाशी कापतो आणि जखमेवर दालचिनीची पूड दाबतो. डेंड्रोबियम या कांड्यांसारख्या खोडांच्या ऑर्किडचे गणित वेगळे आहे. त्याची पाने गळालेली जुनी कांडी मेलेली समजून कापू नये. हिरवी आणि टणक असेपर्यंत ती नव्या फुटव्याला रसद पुरवते आणि कधीकधी स्वतःही फुलते. तिच्या पेरावर मुळांसकट छोटे रोप फुटले तर त्याला सगळीकडे केकी म्हणतात. शब्द हवाई बेटांवरचा आहे, अर्थ 'बाळ'.

या केकी आणि गड्डे फोडून केलेले वाटे ही आपल्या मंडळाची खरी ठेव आहे. झाड विभागताना प्रत्येक वाट्याला निदान तीन कांड्या ठेवाव्यात. एक वाटा स्वतःकडे, दुसरा सभासदाकडे. तीन वर्षांपूर्वी आठवड्याभराच्या प्रवासात माझे एक पिवळे डेंड्रोबियम गेले, पण त्याचा वाटा औंधच्या एका सभासदाकडे जिवंत होता, आणि आज माझ्या गॅलरीत आहे ते त्याच झाडाचे लेकरू. देवघेवीत एक पथ्य मात्र कडक पाळा. कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर तापवा. ऑर्किडचे विषाणू रसातून पसरतात, त्यांवर औषध नाही, आणि प्रेमाने वाटलेल्या झाडांबरोबर ते साऱ्या मंडळात फिरू शकतात.

दुसरी ठेव म्हणजे आपली वही. मागे एका बाटलीतली पंचवीस डेंड्रोबियमची रोपे आपण पाच घरांत वाटली होती आणि दर महिन्याला नोंदी ठेवल्या होत्या. झाडे एका वंशाची, खत सगळ्यांचे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच), तेही लिटरला अर्धा ग्रॅम. तरीही अकराव्या मजल्यावरची रोपे खुरटली, कारण तिथला वारा कुंडी सकाळच्या सकाळीच वाळवतो. हे त्या सभासदांना स्वतःला वहीतल्या नोंदी शेजारी ठेवून पाहीपर्यंत कळले नव्हते. पूर्वेच्या गॅलरीतली रोपे सर्वांत आधी फुलली. पश्चिमेच्या गॅलरीत जी जगली ती कढीपत्त्याच्या झाडामागे ठेवलेली होती. कोणत्या पुस्तकात कढीपत्त्याचा उल्लेख सापडणार?

बाटलीची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगावी लागते. ऑर्किडचे बी धुळीसारखे असते, एका शेंगेत लाखोंच्या संख्येने असू शकते, आणि त्यात अंकुराला पुरेल एवढी शिदोरी नसते. रानात विशिष्ट बुरशीने अन्न पुरवले तरच ते रुजते. बुरशीचा हा वाटा नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ओळखला. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवले. आणि १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या पेशींपासून सिंबिडियम या ऑर्किडची रोपे वाढवण्याची पद्धत मांडली. त्याआधी ऑर्किड हा युरोपातल्या श्रीमंतांचा नाद होता आणि त्यासाठी उष्ण कटिबंधातली रानेच्या राने ओरबाडली गेली. आज निवृत्तिवेतनावर जगणारा माझ्यासारखा माणूस हा छंद करू शकतो तो या जेलीमुळे.

आता ही फांदी. ती इथे ठेवताना मला संकोच वाटतो. पंचवीस वर्षांपूर्वी आंबोलीहून परतताना रस्त्याकडेला विकायला ठेवलेले सीतेची वेणी नावाचे ऑर्किड मी फांदीसकट घेतले. आसामात हेच फूल कोपौ म्हणून बिहूला बायका केसांत माळतात आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात ७००-७५०. झाड दोन उन्हाळे जगले. सालीला चिकटलेल्या या वाळक्या दोऱ्या म्हणजे त्याची मुळे. ओढून पहा, अजूनही सुटत नाहीत. फांदीत मात्र ती कुठेही शिरलेली नाहीत. गावाकडे आंब्यावरचे ऑर्किड बांडगूळ समजून कोयत्याने खरवडतात. बांडगूळ जिथे चिकटते तिथे फांदीला गाठ येते आणि ते तिचा रस पिते. ऑर्किड नुसते बसायला जागा मागते. आपल्या सह्याद्रीतल्या ऑर्किडला मराठीत आमरी असे सुरेख नाव आहे, पण ते आपण फारच कमी वापरतो.

रानातून आणलेले झाड आपल्या मेजावर मांडायचे नाही, हा मंडळाचा नियम त्या फांदीनंतर बऱ्याच वर्षांनी झाला आणि त्याचा ठराव मीच मांडला. राखीव जंगलातून झाड आणणे हा गुन्हा आहेच. पण वादळाने पडलेल्या फांदीवरचे झाड उचलावे का, असे दर पावसाळ्यात कोणीतरी विचारते. तिथेच जवळच्या आंब्याला किंवा जांभळाला, खरबरीत सालीवर, सुतळीने बांधून या. सुतळी कुजेपर्यंत मुळे धरतात. पेरूला किंवा निलगिरीला बांधू नका, ती साल टाकतात.

चहाच्या आधी बाटली उघडू. आतही डेंड्रोबियमच आहे, उन्हाला सोसणाऱ्या जातीचे. रोपे कोमट पाण्यात सोडून जेली पूर्णपणे धुवायची आहे, कारण उरलेल्या साखरेवर दोन दिवसांत बुरशी येते. मग तासभर कागदावर सुकवून बारीक कोळसा आणि थोड्या मॉसमध्ये लावायची, आणि झाकणाला चार भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात सावलीत ठेवायची. महिनाभर खत नाही, झाकण रोज थोडे अधिक उघडायचे. पाच-पाच रोपांचे वाटे होतील. घेणाऱ्यांनी वहीत नावाबरोबर गॅलरीची दिशा, मजला आणि पाणी कुठले येते हे लिहावे. पश्चिमेच्या गॅलरीवाल्यांपैकी निदान एकाने तरी वाटा घ्या; मागच्या वेळी तिथली नोंद एकाच घराची होती आणि ती कढीपत्त्यामुळे बिघडली.