पाय मागे, मान पुढे

(दृश्य: पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचं खोकं. भोकातून नाक आणि मिशा तेवढ्या बाहेर.)

हिचं नाव तीळ. पाळीव उंदराचं पिल्लू, वय सहा-सात आठवडे. पुण्यातल्या या घरी ती ऐन संक्रांतीत आली, म्हणून ही तीळ आणि सोबत आलेली बहीण गूळ. गूळने पहिल्याच संध्याकाळी सगळा पिंजरा पालथा घातला. तीळ मात्र खोक्यातच. खोलीत कुणाची चाहूल लागली की खाता खाता थबकते आणि थिजून राहते. "किती शांत आहे ना!" असं येणारे-जाणारे म्हणतात. ती शांत नाही. तिच्या बरगड्या बघा, श्वास कसा भरभर चाललाय. पळायला वाट दिसली नाही की उंदीर असाच थिजतो.

घरात आणखी एक जण बिचकून आहे, ती म्हणजे आजी. तिची धास्ती समजण्यासारखी आहे. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. घरात उंदीर मरून पडला की माणसं गाव सोडून माळावर राहायला जायची, हे इकडच्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय. पण तो मुख्यतः घराच्या छपरात राहणारा काळा उंदीर. तीळ तपकिरी उंदराच्या वंशातली. तिच्या पूर्वजांना युरोपात एकोणिसाव्या शतकात माणसांनी हौसेनं पाळायला सुरुवात केली. १९०१ साली इंग्लंडमधल्या एल्सबरीच्या प्रदर्शनात मेरी डग्लस नावाच्या बाईंनी आपला पाळीव उंदीर मांडला आणि बक्षीसही मिळवलं. इतकी वर्षं माणसाच्या हाताखाली वाढलेल्या वंशातही एखादं पिल्लू बुजरं निघतंच. विशेषतः कोवळ्या वयात त्याला कुणी फारसं हाताळलं नसेल तर.

(दृश्य: हात वरून पिंजऱ्यात येतो. तीळ दिसेनाशी होते.)

हे बघितलंत? हात वरून आला. उंदराची नजर धूसर असते. वरून झेपावणारी मोठी सावली म्हणजे त्याच्या लेखी घार किंवा घुबड. म्हणून हात बाजूनं, तळाला टेकवून, हळू न्यायचा. आणि शेपटीला धरून तर कधीच उचलायचं नाही. शेपटीची कातडी सोलून निघू शकते, शिवाय भीती मनात बसते ती वेगळी. लिव्हरपूल विद्यापीठात जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० साली प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांवर, म्हणजे तीळच्या लहानखुऱ्या नातलगांवर, हेच तपासलं. शेपटीनं उचललेले उंदीर माणसाला टाळत राहिले. ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले मात्र आपणहून हाताजवळ आले.

इथे आजीची नात आपला दिवसभर वापरलेला टी-शर्ट पिंजऱ्यात ठेवते आहे. न धुतलेलाच. तीळ माणूस ओळखणार ती आधी वासावरून. नंतर नात पिंजऱ्याशेजारी बसून आपला अभ्यास करते, मोठ्यानं वाचते. तीळकडे बघत नाही. हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा, आणि हाच बहुतेक लोक गाळतात.

मग दही. साधं, बिनसाखरेचं, चमच्याच्या टोकाला लागेल इतकंच. चमचाच का? दाणा दिला की पिल्लू तो पळवून खोक्यात नेतं आणि आतच खातं. दही पळवता येत नाही, ते समोर थांबूनच चाटावं लागतं. चमचा उघड्या दारातून द्यायचा, गजांमधून नाही. गजांमधून आत येईल ते खायचं, अशी एकदा सवय लागली की उद्या पाहुण्याच्या मुलाचं बोटही तिला खाऊच वाटेल.

(दृश्य: अगदी जवळून. तीळ चमच्यापर्यंत ताणली गेली आहे.)

आता तोंडाकडे बघू नका, मागच्या पायांकडे बघा. पुढचं अंग रबरासारखं लांबलंय, मिशा सेकंदाला कितीतरी वेळा पुढे-मागे होतायत, जीभ दह्याला टेकलीय; पण मागचे दोन्ही पाय अजून खोक्याच्या आत घट्ट रोवलेले. काही खुट्ट झालं तर क्षणात आत जाता यावं, ही तिची तयारी. या क्षणी हात पुढे करून पकडण्याचा मोह होतो. पकडलं, तर दही म्हणजे सापळा हे ती शिकेल.

काही जण सांगतात, पिल्लू धरून ठेवा, धडपड थांबेपर्यंत सोडू नका, मग सवय होते. आम्हाला हे पटत नाही. धडपड थांबते ती कधी सवयीनं, कधी निव्वळ हरल्यामुळे, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पिंजरा साफ करायचाय, औषध द्यायचंय, तेव्हा धरावं लागतंच. तेव्हा दोन्ही तळव्यांत, चारही पायांना आधार देऊन धरावं. एरवी तीळला मागे फिरता आलं पाहिजे.

गूळचा इथे मोठा उपयोग होतो. ती नातीच्या मनगटावरून खांद्यावर चढते, तिथून परत खाली येते, आणि तीळ हे सगळं खोक्यातून बघत असते. एकटा उंदीर पाळू नये, त्याचं हे एक कारण.

उंदीर हसतात, हे ऐकून आजीचा विश्वास बसला नव्हता. अमेरिकेत ओहायोमध्ये याक पँकसेप यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांना गुदगुल्या केल्या, तेव्हा ते सुमारे ५० किलोहर्ट्झ इतक्या उंच आवाजात चिवचिवले. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर पोचत नाही, म्हणून हे आपल्याला यंत्राशिवाय कळलंच नसतं. पुढे २०१६ साली बर्लिनमध्ये शिम्पेई इशियामा आणि मिखाएल ब्रेख्त यांना आढळलं, की उंदीर भीती वाटेल अशा उंच जागी ठेवले तर गुदगुल्यांनी फारसे चिवचिवत नाहीत. तेव्हा तीळशी खेळायची घाई नको. आधी भीती जाऊ दे.

(दृश्य: नातीचा तळहात पिंजऱ्याच्या तळाला. तीळ त्यावरून चालत जाते.)

आज तिचे मागचे पायही हातावर आले. नात हात उचलत नाही. तिला उतरायचंय तेव्हा उतरू देते. दात बारीक करकरतायत, तेही ऐका. निवांत उंदीर पुष्कळदा असे दात घासतो.

पण नातीच्या हाताची सवय म्हणजे घरातल्या प्रत्येक हाताची सवय नव्हे. वास बदलला, आवाज बदलला की पुन्हा चमच्यापासून सुरुवात.

"आजी, बघतेस का देऊन?"

"अगं, मी हातात-बितात घ्यायची नाही हं तिला. चमचा तेवढा दे इकडे. लांब दांडीचा."