भांडं कुणाच्या मापाचं?

मंडळी, आजचा विषय, म्हणजे अमेरिकेतल्या नोकऱ्यांमधला वंशभेद आणि गुणवत्ता, मोठा आहे आणि तावातावाने बोलला जाणारा आहे, म्हणून मी सुरुवात एका रुक्ष सरकारी तक्त्यापासून करते. अमेरिकेत शंभर किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी कंपनीला दर वर्षी एक तक्ता भरून द्यावा लागतो. त्याचं नाव ईईओ-वन. १९६६ पासून तो भरला जातोय. डाव्या बाजूला कामाच्या दहा पायऱ्या: सगळ्यात वर बडे अधिकारी, मग मधले मॅनेजर, मग इंजिनिअर-अकाउंटंट मंडळी, तंत्रज्ञ, विक्रेते, क्लार्क, कुशल कारागीर, मशीनवरचे कामगार, मजूर आणि शेवटी सफाई, पहारा अशी कामं. वरच्या बाजूला वंशाचे रकाने, आणि प्रत्येक वंशात पुन्हा बाई-पुरुष. चौकटीत फक्त आकडा टाकायचा. नाव नाही, गाव नाही.

अमेरिकेतल्या एका कंपनीच्या एचआरमध्ये असताना हा तक्ता मी काही वर्षं भरला. वंश शक्यतो माणसाने स्वतः सांगायचा. त्याने सांगितलाच नाही तर मात्र ऑफिसातल्या कागदांवरून, नाहीतर त्याच्याकडे बघून कंपनीने लिहायचा. हो, बघून! आमच्याकडे एका मुलाने रकाना कोरा सोडला. मी तीन दिवस कॅन्टीनमध्ये कॉफीचा कप धरून त्याच्याकडे चोरून बघत होते. रंग गव्हाळ, केस कुरळे, आडनाव मला स्पॅनिश वाटलेलं. शेवटी हिस्पॅनिकच्या रकान्यात टाकला एकचा आकडा. पुढे ओळख झाली तेव्हा कळलं, आई-वडील दोघंही लेबनॉनचे. म्हणजे सरकारी हिशेबात तो गोरा. वर्षभर मी त्याला हिस्पॅनिक करून ठेवला होता.

तुम्ही हसताय, पण आपली कथा काही वेगळी नाही. १९७० च्या अमेरिकन जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांमध्ये मोजलं होतं. १९८० मध्ये आपण एशियन झालो. दहा वर्षांत कातडी काही बदलली नाही, रकाना बदलला.

तेव्हा वंशाचे हे रकाने ओबडधोबड आहेत, हे आधीच मान्य करते. तरीही मी तो तक्ता फेकून द्या म्हणणार नाही, आणि त्याचं कारण त्यातल्या पायऱ्या. वादात सगळे उभ्या रकान्यांवर भांडतात, आडव्या ओळींकडे कोणी बघत नाही. गुगलने २०१४ मध्ये आपले आकडे पहिल्यांदा जाहीर केले तेव्हा कृष्णवर्णीय २ टक्के निघाले आणि एशियन ३०. लगेच लोक म्हणाले, एशियन लोकांचं तर उत्तम चाललंय. पण गुगल, इंटेल, एचपी, याहू आणि लिंक्डइन अशा पाच कंपन्यांचे २०१३ चे आकडे एकत्र करून पायरीपायरीने बघितले, तर इंजिनिअर वगैरे व्यावसायिकांमध्ये एशियन साधारण २७ टक्के होते, मॅनेजरांमध्ये १९ आणि सगळ्यात वरच्या फळीत १४. दारातून आत माणसं भरपूर येतात आणि जिन्यावर कुठेतरी गळतात. सत्या नडेला आणि सुंदर पिचाई यांची नावं घेतली की ही गळती दिसेनाशी होते, म्हणून मी ती नावं जरा जपून घेते.

आता त्या मोठ्या शब्दाकडे येऊ: मेरिट. गुणवत्ता. चर्चा नेहमी इथेच अडते. एक जण म्हणतो सगळ्यांना प्रतिनिधित्व हवं, दुसरा म्हणतो लायक माणूस घ्या, रंग बघू नका. दोघंही गृहीत धरतात की लायकी मोजायची पट्टी तयार आहे आणि ती बरोबर आहे. ही पट्टीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एकदा तपासली गेली. तो खटला मला फार आवडतो, त्यामुळे त्यावर जरा रेंगाळणार आहे.

नॉर्थ कॅरोलिनातलं ड्रेपर नावाचं गाव. तिथे ड्यूक पॉवर कंपनीचं वीज केंद्र. ९५ कामगार, त्यांपैकी १४ कृष्णवर्णीय. केंद्रात पाच विभाग होते. कोळसा हाताळणं, यंत्रं चालवणं, दुरुस्ती, प्रयोगशाळा हे चार, आणि पाचवा मजूर विभाग. कृष्णवर्णीयांना फक्त या पाचव्यात घ्यायचे. तिथल्या सगळ्यात जास्त पगाराच्या माणसाला इतर चार विभागांतल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसापेक्षा कमी मिळायचं. मग १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला. नोकरीतला वंशभेद बेकायदा ठरवणारं त्याचं सातवं प्रकरण २ जुलै १९६५ पासून लागू झालं. आणि नेमक्या त्याच दिवशी, २ जुलैला, कंपनीने नवा नियम काढला: चांगल्या विभागात नव्याने लागायचं असेल तर हायस्कूल पास हवं ही अट १९५५ पासून होतीच, आता शिवाय दोन लेखी चाचण्या उत्तीर्ण व्हायला हव्यात. एक सामान्य बुद्धिमत्तेची, दुसरी यंत्रांच्या समजेची.

नियमात कुठेही रंगाचा उल्लेख नाही. सगळ्यांना एकच अट. यात गैर काय? १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष होते ३४ टक्के आणि कृष्णवर्णीय पुरुष १२ टक्के. त्यांच्या शाळा आधी वेगळ्या ठेवायच्या, भिकार ठेवायच्या, आणि मग त्याच शाळांचा दाखला मागायचा. पण खटल्यातला खरा दणका पुढे आहे. या अटी येण्याआधी लागलेले गोरे कामगार होतेच की तिथे! हायस्कूल न झालेले, चाचणी न दिलेले. कोळसा हाताळत होते, यंत्रं चालवत होते, बढत्या मिळवत होते. काम व्यवस्थित चालू होतं. म्हणजे त्या कामाला तो दाखला लागतच नव्हता.

विली ग्रिग्ज आणि त्याच्या बारा सहकाऱ्यांनी खटला भरला. १९७१ मध्ये न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो लिहिला सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी, आणि बर्गर काही डावे-बिवे नव्हते, उजव्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नेमलेले होते. त्या निकालात त्यांनी चक्क आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली कोल्हा-करकोच्याची गोष्ट आणली आहे. दूध देऊ केलं एवढ्याने भागत नाही, ज्या भांड्यातून देता ते भांडं सगळ्यांना वापरता येईल असं हवं, असा त्याचा आशय. आणि पुढे साधी कसोटी: अट घाला, चाचणी घ्या, पण तिचा त्या कामाशी संबंध आहे हे दाखवा. दाखवलंत तर अट राहील, मग निकालात कोण मागे पडतो ते पडो.

मला वाटतं, या सगळ्या वादात इतकं समंजस वाक्य नंतर फारसं कोणी बोललेलं नाही. यात गुणवत्तेला विरोध नाही. गुणवत्ता म्हणजे काय ते नीट सांगा, एवढंच आहे.

बरं, पट्टी ठीक असली तरी ती धरणारा हात असतो. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना जवळजवळ पाच हजार बनावट बायोडेटा पाठवले. शिक्षण, अनुभव सारखाच, नाव तेवढं वेगळं: काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्या वळणाची नावं, काहींवर कृष्णवर्णीय वळणाची, लकीशा, जमाल. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. एमिली-ग्रेगना एक फोन यायला साधारण दहा अर्ज पुरत होते, लकीशा-जमालना पंधरा लागत होते. पुढे याच धर्तीवर शंभराहून जास्त बड्या कंपन्यांना त्र्याऐंशी हजारांच्या आसपास अर्ज पाठवून पाहिले गेले. उत्तर येण्याच्या टक्केवारीतला फरक सरासरीने दोन अंकांच्या थोडा वर निघाला, पण तो सगळीकडे सारखा नव्हता. भेदभावातला जवळजवळ निम्मा वाटा सगळ्यात जास्त भेदभाव करणाऱ्या एक पंचमांश कंपन्यांचा होता. बाकीच्या बऱ्याच कंपन्यांत फरक किरकोळ. त्यामुळे ‘सगळ्या कंपन्या वंशवादी आहेत’ हे जितकं खोटं, तितकंच ‘आता असं काही राहिलेलं नाही’ हेही.

दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. लुईझियानात ग्रामर्सी इथे कायझर ॲल्युमिनियमचा कारखाना होता. तिथे २७३ कुशल कारागीर, त्यांत कृष्णवर्णीय पाच. आसपासच्या कामगारवर्गात ते ३९ टक्के होते. कंपनी आणि युनियनने १९७४ मध्ये करार केला: कारखान्यातच प्रशिक्षण सुरू करायचं आणि निम्म्या जागा कृष्णवर्णीयांना द्यायच्या. पहिल्या वर्षी तेरा जागा, सात कृष्णवर्णीय, सहा गोरे. ब्रायन वेबर नावाच्या गोऱ्या कामगाराचा अर्ज फेटाळला गेला, आणि निवडल्या गेलेल्यांत त्याच्याहून कमी ज्येष्ठतेचे लोक होते. तो कोर्टात गेला. १९७९ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी हरला.

वेबरचं दुःख मला खोटं वाटत नाही. कृष्णवर्णीयांना कारागिरांच्या युनियनांबाहेर त्याने ठेवलं नव्हतं, आणि पावती मात्र त्याच्या नावावर फाटली. पण त्या खटल्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हा करार होण्याआधी कायझर बाहेरून तयार कारागीर घ्यायची, अनुभव नसलेल्या आपल्या कामगारांना कारागिरी शिकवत नव्हती. गोऱ्यांनाही नाही. त्या सहा गोऱ्यांना जागा मिळाल्या त्या याच करारामुळे. शिडी नव्हतीच, ती आली. मग पायऱ्या कोणाच्या यावर भांडण झालं.

इथे एक खुलासा, कारण प्रश्नोत्तरांत हे येणारच. अफर्मेटिव्ह ॲक्शन, म्हणजे मागे ठेवलेल्या गटांना पुढे आणण्याचे असे उपाय, हे आपलं आरक्षण नव्हे. कायझरचा करार कंपनीने आपणहून केलेला आणि तात्पुरता होता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा १९६५ चा जो आदेश सरकारी कंत्राटदारांना लागू होता, त्यात पुढे उद्दिष्टं आली, पण ठरावीक कोट्याला मनाई होती. तो आदेशही २१ जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी रद्द केला. १९६४ चा कायदा मात्र जागेवर आहे, आणि तो गोऱ्या माणसालाही तितकाच लागू आहे. बहुसंख्य गटातल्या फिर्यादीकडून जादा पुरावा मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये पुन्हा एकमताने सांगितलं.

आता कंपन्यांबद्दल बोलते, आणि जरा कडू बोलते. न्याय हा शब्द बोर्डरूममध्ये अवघड वाटतो म्हणून गेल्या काही वर्षांत वेगळा युक्तिवाद पुढे केला गेला: विविधता आणा, नफा वाढतो. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचे अहवाल यासाठी सगळीकडे दाखवले जायचे. मीही माझ्या स्लाइडवर ते आकडे टाकलेत, कबूल करते. २०२४ मध्ये ग्रीन आणि हँड या दोन संशोधकांनी तोच संबंध एस अँड पी ५०० या निर्देशांकातल्या बड्या अमेरिकन कंपन्यांत शोधला. त्यांना सापडला नाही. पण समजा सापडला असता, तरी काय? लकीशाचा अर्ज बाजूला टाकणं चूक आहे ते तिमाही निकालांमुळे का? नफ्याच्या खुंटीला टांगलेली गोष्ट खुंटी हलली की पडते. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा २०२० मध्ये पोलिसाच्या हातून खून झाल्यावर ज्या कंपन्यांनी पानभर निवेदनं काढली, त्यांतल्या कित्येकांनी २०२५ च्या जानेवारीत वारं बदललेलं बघून आपले विविधतेचे विभागच गुंडाळायला घेतले. उलट कॉस्टको या दुकानांच्या साखळीच्या भागधारकांपुढे त्याच महिन्यात हे कार्यक्रम तपासायला लावणारा ठराव आला, तेव्हा ९८ टक्क्यांहून जास्त मतं ठरावाच्या विरोधात पडली. म्हणजे वारं सगळ्यांना सारखं लागत नाही.

आणि ती प्रशिक्षणं! पूर्वग्रह घालवण्याचे सक्तीचे दोन तास, शेवटी बहुपर्यायी प्रश्न. अलेक्झांड्रा कॅलेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली या समाजशास्त्रज्ञांनी सातशेहून जास्त आस्थापनांची तीस वर्षांची आकडेवारी तपासली. ही कोणती आकडेवारी, ओळखलंत ना? तोच आपला रुक्ष तक्ता. नुसत्या प्रशिक्षणाने मॅनेजरांच्या ओळीत जवळजवळ काही हललं नाही. जिथे एखाद्या माणसाला किंवा समितीला याची जबाबदारी दिली, दरवर्षी जाब विचारला, तिथे आकडे हलले. आपल्याला नवल वाटायला नको. ज्या कामाचा जाब कोणालाच द्यायचा नसतो ते काम होत नाही, मग ते कसलंही असो.

माझ्याच कामातला एक प्रसंग सांगते आणि थांबते, मग प्रश्न घेऊ. आमच्या गोदामात शिफ्ट सुपरवायझरची जागा निघाली. मजुरांच्या ओळीत कृष्णवर्णीय भरपूर आणि त्याच्या वरच्या ओळीत जवळजवळ कोणी नाही, हे मी तक्ता भरताना बघितलेलं होतं. म्हणून जाहिरात मागवून वाचली. अट होती, चार वर्षांची पदवी. ज्याच्या निवृत्तीमुळे जागा रिकामी होत होती तो गृहस्थ त्या खुर्चीवर बावीस वर्षं होता, आणि गोदामातला सगळ्यात तरबेज माणूस. त्याच्याकडे पदवी नव्हती. ही अट कोणी घातली म्हणून मी विचारत सुटले. गोदामवाले म्हणाले एचआरने, एचआरवाले म्हणाले गोदामाने. दोन आठवड्यांनी एक जुनी फाइल सापडली. हेड ऑफिसातल्या कुठल्याशा दुसऱ्याच जागेची जाहिरात कोणीतरी नमुना म्हणून घेतली होती आणि ती ओळ खोडायची राहून गेली होती.