हाताखालची माणसं ऐकतील का?

श्रोतेहो, नमस्कार.

बढतीची यादी ठरत असते. एखाद्या बाईंचं नाव पुढे येतं आणि कोणीतरी म्हणतं, "आमची काही हरकत नाही हो, पण खालची माणसं त्यांचं ऐकतील का?" बोलणं काळजीच्या सुरातलं असतं, म्हणून कोणी हटकत नाही. नाव मात्र मागे पडतं. हे वाक्य कुठवर पोचलं होतं ते आज सांगतो.

1992 पासून भारतीय लष्कराच्या काही शाखांत स्त्रियांना अधिकारी म्हणून घेऊ लागले, पण शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर. ठरावीक वर्षं नोकरी, मग घरी. कर्नल होऊन युनिट हाताखाली घेणं त्यांच्या वाट्याला येणारच नव्हतं. त्या कोर्टात गेल्या. 2010 साली दिल्ली उच्च न्यायालयाने कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी, द्या म्हणून सांगितलं, तर सरकार अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयात सरकारचा एक मुद्दा असा होता की जवान बहुतेक खेड्यापाड्यातले. स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानायला त्यांच्या मनाची अजून तयारी नाही.

म्हणजे तेच वाक्य. आकस वरच्यांचा, आणि तो खपवायचा खेड्यातल्या जवानाच्या नावावर! याची मला चीड येते.

17 फेब्रुवारी 2020 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांनी हा मुद्दा फेटाळला. स्त्री अधिकाऱ्यांच्या कामगिरीची उदाहरणं निकालात आहेत. त्यांतलं एक आपल्या पुण्यातलं. 2016 मध्ये तिथे 18 देशांचा लष्करी सराव झाला. भारतीय तुकडीच्या प्रमुख होत्या सोफिया कुरेशी, आणि सगळ्या देशांच्या तुकडीप्रमुखांमध्ये त्या एकट्याच स्त्री होत्या. जवान ऐकतील का, या प्रश्नाचं उत्तर त्या मैदानावर मिळून गेलं होतं.

खरी मेख पुढेच निघाली. कायम कमिशनसाठी निवड सुरू झाली तेव्हा जुने गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठाने हाताखालच्या अधिकाऱ्याच्या कामावर लिहिलेले शेरे, बाहेर काढले. हे अहवाल कसे लिहिले गेले होते? हिला पुढे बढती मिळणारच नाही, हे वरिष्ठाला ठाऊक. मग शेरा विचार करून कशाला लिहायचा? वर्षानुवर्षं असे वरवरचे शेरे पडत गेले, आणि पुढे त्याच शेऱ्यांवर त्यांची पुरुष अधिकाऱ्यांशी तुलना झाली. तब्येतीचंही तसंच. पुरुषाची जी तपासणी पंचविशी-तिशीत होते, त्याच निकषावर चाळिशी ओलांडलेल्या बायकांना तोललं. 25 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव ठरवलं. वर दिसायला नियम सगळ्यांना सारखाच होता, हे ध्यानात घ्या. 2023 मध्ये कर्नलपदासाठी 108 स्त्री अधिकाऱ्यांची निवड झाली, ती इतकी वर्षं झगडल्यावर.

आपल्या बँकेत, कारखान्यात, जिल्हा परिषदेत कोर्टापर्यंत कोण जातं? तिथे सगळं त्या अहवालावरच ठरतं. तुमच्यापैकी जे अहवाल लिहितात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एखाद्या बाईंच्या नावापुढे "नेतृत्वगुण दिसले नाहीत" असं लिहिण्याआधी, गेल्या वर्षात त्यांच्या हाती कोणतं मोठं काम सोपवलं होतं ते बघा. सोपवलंच नसेल, तर तो शेरा लिहू नका. नमस्कार.