दारावर जाण्याआधी

(अमळनेर तालुक्यातल्या एका गावी गणपतीच्या मांडवात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. मूळ बोलण्यात अहिराणी बरीच होती. छापताना ती थोडी कमी केली आहे.)

मागे बायकांना ऐकू येतंय ना? मग सुरू करते.

आपल्याकडे माणूस गेलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तासाभरात भाऊबंद जमतात. त्या घरची चूल पेटत नाही, शेजारून भाकरी येतात. कोणाचा डबा कधी, यासाठी बैठक भरवावी लागत नाही. दारावर, म्हणजे घरच्यांचं सांत्वन करायला, कधी जायचं, गंधमुक्ती कोणत्या दिवशी, सगळं ठरलेलं. सुरतेहून मुलगा येतो, नाशिकहून जावई येतो. तेवढे दिवस त्या घराला कोणी एकटं सोडत नाही.

तोच माणूस त्याआधी चार वर्षं लकव्याने खाटेवर पडून होता. त्या चार वर्षांत किती डबे आले?

भेटायला लोक येतात, नाही असं नाही. डझनभर केळी आणतात, खाटेशी बसतात, चहा घेतात. चहा कोण करतं? रात्रभर जागलेली असते तीच. निघताना म्हणतात, ‘काही लागलं तर सांगजो.’ मी सासूबाईंचं सहा वर्षं केलं. हे वाक्य किती जणांकडून ऐकलं, मोजदाद नाही. सांगितलं मात्र कधीच कोणाला काही नाही. ‘मंगळवारी दुपारी येऊन बसा, मला दोन तास झोपायचंय’ असं सुनेने म्हटलं तर गावात काय बोलतील, ते मला माहीत होतं.

मी तर मोठी बाई होते. आता एका पोराचं सांगते.

हायस्कूलला मी गणित शिकवायचे. नववीतला एक मुलगा पहिल्या तासाला डुलक्या घ्यायचा. मी त्याला बाकावर उभं केलं, तेही आठवडाभर. शेवटी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, ‘मॅडम, रातले आबाले उठाडनं पडस.’ वडील खाटेवर, आई पहाटेच कापूस वेचायला. कूस बदलणं, लघवीचं भांडं, सकाळी अंग पुसणं, सगळं हे चौदा वर्षांचं पोर करत होतं. मग आम्ही शिक्षकांनी काय करावं? सव्वीस जानेवारीला त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, ‘आजचा श्रावणबाळ’ म्हणून भाषण. ते भाषण मीच केलं. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या तासाला पुन्हा झोपला.

श्रावणबाळाची गोष्ट नीट आठवा. बाण लागून तो गेला आणि त्या दोघा आंधळ्या म्हाताऱ्यांचं करणारं दुसरं कोणी उरलं नाही. तेही गेले. आपण ती मातृपितृभक्तीची म्हणून सांगतो. मला ती सगळा भार एकाच खांद्यावर टाकल्याची वाटते. सरकारची योजनाही त्याच नावाची आहे. तिचं निवृत्तीवेतन ६५ वर्षांवरच्या निराधार म्हाताऱ्यांना मिळतं, मिळायलाच हवं. कावड उचलणाऱ्याचा त्यात विचार नाही.

आणि पोरगा करतो तेव्हा निदान शाल तरी मिळते. पोरगी करते तेव्हा ते घरकामात जमा होतं. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण झालं, सहा वर्षांपासूनच्या सगळ्यांना धरून. घरातल्या लहानांचं, आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं जे करतात, त्यांत बाईचे दिवसाला १३४ मिनिटं जातात आणि पुरुषाचे ७६. शिक्षणहक्काचा कायदा १४ वर्षांपर्यंत धरून ठेवतो. पुढे आजी पडली, की पोरगी ‘घरी बसली’. बसली कुठे? दिवसभर उभीच असते! नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. लहान भावाचे सांधे दुखायला लागले, की रात्रभर शेक देणारी बहुतेक बहीणच.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या अशा मुलांची गरज तपासणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केलं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता असा शब्द आहे. कागदावरून तो गावात उतरेल तेव्हा उतरो, आपण तोवर थांबायचं कारण नाही. केरळवाले थांबले नाहीत. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉक्टरांनी वेदना कमी करण्याचं लहानसं काम सुरू केलं. पुढे मलप्पुरमकडे गावची माणसंच शिकून घरोघर जायला लागली, कॉलेजची मुलंसुद्धा. सरकारचं धोरण २००८ मध्ये आलं, काम आधी उभं राहिलं होतं.

अमळनेर तालुक्यात बोलायचं आणि साने गुरुजींचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. पण मी त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल बोलणार नाही. छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. मोठ्या माणसाने हातात झाडू घेतला होता, एवढंच घ्या.

मला तुमच्याकडून वर्गणी नको. अशा घरासाठी तीन माणसं हवीत, वार आणि वेळ ठरवून. सोमवारी दुपारी तू, गुरुवारी ती. गेल्यावर चहा घ्यायचा नाही, ही पहिली अट. पुरुषांनो, हे तुम्हाला: चौदा वर्षांच्या मुलीने बापाचं अंग धुवावं, हे त्या बापालाही जड जातं, तो बोलत नाही. अंघोळ घालायला भाऊबंदातलाच गडी हवा. शिक्षकांनी वर्गासमोर काही विचारू नये; पहिल्या तासाची उशिराची हजेरी गुपचूप मांडावी. घरी फारच बिघडलं तर मुलांसाठी १०९८ हा फोन आहे, मनाचा कोंडमारा झाला तर १४४१६.

बाकी हाताने दाखवते. ही साधी चादर. दुहेरी घडी घालायची. माणसाला कुशीवर करून ती खाली सरकवायची, खांद्यापासून मांडीपर्यंत. मग दोन्ही कडा अंगाच्या जवळ येईपर्यंत गुंडाळायच्या. दोघं दोन बाजूंना, गुडघे जरा वाकवून, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत उचलून वर न्यायचं. ओढायचं नाही, ओढलं की पाठीची कातडी सोलते आणि तिथून जखम सुरू होते. दर दोन तासांनी कूस. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. हे एकट्याने केलं की करणाऱ्याची कंबर जाते.

चला, सरपंच, तुम्ही या. चपला काढा आणि खाटेवर आडवे व्हा. चादर धरायला दोघं लागतील. नाही रे बाळांनो, तुम्ही बसा. तुमचे काका येऊ देत.