‘पुरेशी’ म्हणजे किती?

नमस्कार, श्रोतेहो.

एक वाक्य ऐका. ‘ओढ्याच्या काठाला पुरेशी झाडं राखावीत.’ ऐकायला किती छान! याला कुणीच नाही म्हणणार नाही. तोडीचा ठेकेदारही नाही आणि पर्यावरणवालाही नाही. आणि म्हणूनच हे वाक्य कुचकामी आहे. ठेकेदाराला झाडांची एक रांग पुरेशी वाटते, माशांचा अभ्यास करणाऱ्याला पन्नास मीटरचा पट्टाही तोकडा वाटतो. जंगल शाश्वत पद्धतीनं सांभाळलं जातंय का, हे तपासून प्रमाणपत्र द्यायचं तर आधी मोजायची पट्टी हवी. ती पट्टी म्हणजे राष्ट्रीय मानक. आणि ते लिहिताना बैठकीमागून बैठका जातात त्या अशाच शब्दांपायी.

कल्पना तशी जुनी. 1713 मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ नावाच्या खाण अधिकाऱ्यानं जंगल लावण्या-जोपासण्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. खाणींना आणि धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना लाकूड लागायचं आणि ते संपत चाललं होतं. जंगल टिकून राहील एवढंच तोडा, हा त्याचा हिशेब. पण तो हिशेब लाकडाचा होता. आज त्याच वहीत पाणी, माती, घुबडाची ढोली, जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क आणि करवत चालवणाऱ्या मजुराच्या डोक्यावरचं हेल्मेट, सगळं मांडावं लागतं.

1992 च्या रिओ पर्यावरण परिषदेत जंगलांसाठी बंधनकारक करार होईल अशी पुष्कळांची आशा होती. झाला नाही, हाती आली ती बंधन नसलेली तत्त्वं. त्याच वर्षी ऑस्ट्रियानं उष्ण कटिबंधातल्या लाकडावर वेगळं लेबल सक्तीचं करणारा कायदा केला. मलेशिया आणि इंडोनेशियानं आक्षेप घेतला, की आमच्याच लाकडावर शिक्का का, तुमच्या पाइनवर का नाही? कायदा मागे घ्यावा लागला. प्रश्न रास्त होता, असं मला वाटतं. पुढे प्रमाणपत्रांची जी व्यवस्था उभी राहिली ती ऐच्छिक राहिली आणि सगळ्या प्रकारच्या जंगलांसाठी राहिली, त्यामागे हा अनुभवही आहे.

1993 मध्ये कॅनडातल्या टोरांटोत फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, ही जंगलांच्या प्रमाणपत्रासाठीची संस्था स्थापन झाली. 1999 मध्ये युरोपातल्या छोट्या वनमालकांच्या पुढाकारानं पीईएफसी ही तशीच दुसरी संस्था आली. एफएससीत तत्त्वं जगभर एकच, प्रत्येक देशानं ती आपल्या जंगलाला लावून घ्यायची. पीईएफसीत देशानं आपली व्यवस्था स्वतः बांधायची आणि मग तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवायची. दोन्ही वाटा शेवटी एकाच टेबलाशी येतात: त्या त्या देशातल्या माणसांनी बसून मसुदा लिहायचा.

जागतिक पट्टी थेट का चालत नाही? फिनलंडमध्ये वाढ पूर्ण झालेला जंगलाचा तुकडा बहुधा एकदमच तोडतात आणि पुन्हा लावतात. मध्य आफ्रिकेतल्या वर्षावनात हेक्टरमागे एखाददुसरं झाड निवडून काढतात. तिथे खरं नुकसान तोडलेल्या झाडापेक्षा ते बाहेर काढायला पाडलेल्या रस्त्यांनी होतं. पावसात माती वाहून जाते ती तिथूनच. ‘माती राखा’ हे तत्त्व दोन्हीकडे एकच, पण तपासणाऱ्यानं बघायच्या गोष्टी वेगळ्या.

म्हणून मानक पायरीपायरीनं उतरतं. वर तत्त्व, त्याखाली निकष, निकषाखाली निर्देशक. एफएससीत तत्त्वं 10 आणि निकष 70. त्यांना देशात हात लावता येत नाही. खरी लेखणी चालते ती निर्देशकांवर. निर्देशक म्हणजे असं वाक्य, जे हातात धरून माणूस जंगलात उभा राहील आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणू शकेल. ‘पुरेशी झाडं’ हा निर्देशक नव्हे. ‘बारमाही ओढ्याच्या दोन्ही काठांना अमुक मीटरपर्यंत तोड नाही, आणि ती हद्द नकाशावर आणि झाडांवर खूण करून दाखवलेली आहे’, हा निर्देशक. आता अमुक म्हणजे किती, यावर एक अख्खी दुपार जाते. उतार किती, माती कसली, पाऊस किती, असं विचारत विचारत एका आकड्याऐवजी तक्ता तयार होतो.

आणि टेबलाशी कोण बसलंय, यावर तो तक्ता ठरतो. एफएससीत तीन गट असतात, आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणाचा, आणि तिन्हींचं वजन सारखं. कारखानदार संख्येनं जास्त आले म्हणून जिंकत नाहीत. कागदावर हे सुरेख आहे. प्रत्यक्षात कंपनीचा माणूस पगारावर बैठकीला येतो आणि जंगलात राहणारा रोज बुडवून येतो. शिवाय मसुदा बहुतेक वेळा त्याच्या भाषेत नसतोच. मसुदा जनतेपुढे निदान 60 दिवस ठेवायचा असा नियम आहे. पण न कळणाऱ्या भाषेतला कागद साठ दिवस ठेवला काय आणि सहाशे दिवस ठेवला काय! भाषांतर आणि प्रवासखर्च या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबी अंदाजपत्रकात आधी लिहिल्या नाहीत, तर सामाजिक गटाची खुर्ची नावापुरती राहते.

मसुदा मंजूर होण्याआधी तो जंगलात नेऊन बघतात. खोलीत पक्कं वाटलेलं वाक्य तिथे हमखास अडखळतं. ‘मेलेली उभी झाडं राखावीत’ असं लिहिलेलं असतं, आणि मजूर विचारतो, तेच झाड डोक्यावर पडलं तर? मग एका निर्देशकात सुरक्षिततेची अट घालावी लागते.

खर्चाचं दुखणं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. तपासणीचा खर्च लाख हेक्टरवाल्याला जाणवत नाही, चार हेक्टरवाल्याला झेपत नाही. अनेक छोट्या मालकांनी मिळून एक प्रमाणपत्र घ्यायचं, ही सोय आहे आणि चांगली आहे. तरी जगातलं प्रमाणित जंगल आजही मुख्यतः उत्तरेकडच्या थंड देशांत आहे. सगळ्यात झपाट्यानं जंगल जातंय ते उष्ण कटिबंधात. म्हणजे औषध आहे, पण रोग जोरात असलेल्या घरी ते कमी पोचलंय.

एक गोष्ट श्रोत्यांच्या हातातली. मानक लिहिणारा, तपासणारा आणि तपासणाऱ्यावर नजर ठेवणारा, हे तिघं वेगवेगळे असावे लागतात. एफएससीचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं, पण पाहणी दरवर्षी. मोठा दोष निघाला तर साधारण तीन महिन्यांत दुरुस्त करायचा, किरकोळ असेल तर वर्षभरात. आणि जंगल-तपासणीच्या अहवालाचा सारांश सगळ्यांना वाचायला खुला असतो. कुठल्या जंगलाचा असा सारांश मिळाला, तर सुरुवातीची स्तुती सोडा आणि थेट दोषांच्या पानावर जा. ओढ्याकाठचा पट्टा किती मीटर ठरला होता आणि तपासणाऱ्याला तो किती भरला, हे तिथे लिहिलेलं सापडेल.

नमस्कार.